जॅक उचलतो, धरत नाही: भरलेल्या उसाच्या ट्रॉलीचं चाक बदलताना

तुमचा प्रश्न नीट वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला काही वेगळं कळलं असेल तर तुम्हाला सांगता येईल. गेल्या हंगामात कारखान्याकडे निघालेल्या भरल्या ट्रॉलीचं मागचं डावं चाक रात्री फुटलं. ड्रायव्हरने नेहमीसारखा अ‍ॅक्सलखाली हायड्रॉलिक जॅक लावला, नट सोडले, चाक बाहेर काढलं, आणि स्टेपनी बसवायच्या आत जॅक सटकला. हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं ते अ‍ॅक्सलचं टोक, थेट मातीत रुतला. माणसं बाजूला उभी होती म्हणून निभावलं. त्यानंतर तुम्ही व्हिडिओ शोधले. त्यांत अमेरिकेतली माणसं त्यांच्या ‘फिफ्थ व्हील’ ट्रेलरबद्दल बजावून सांगतात, की अ‍ॅक्सलला जॅक कधीही लावू नका, चासीलाच, म्हणजे वरच्या लोखंडी सांगाड्यालाच लावा. तुमचा ड्रायव्हर म्हणतो, बापजन्मात कोणी चासीला जॅक लावलेला पाहिला नाही. म्हणून तुम्ही विचारताय: जॅक लावायचा कुठे, आणि १० टनी सोडून २० टनी घेऊ का?

दोन्हींची उत्तरं देतो. पण मला यात खरी अडचण तिसरीच दिसते. जॅक सटकला त्या क्षणी ट्रॉली तोलून धरायला खाली दुसरं काहीही नव्हतं. जॅक कुठेही लावा, कितीही टनाचा घ्या, तो कधी ना कधी सटकणार, खचणार किंवा तेल सोडणार. जॅक उचलण्यासाठी असतो. धरून ठेवायचं काम खाली रचलेल्या लाकडी ठोकळ्यांचं. तुमच्या ड्रायव्हरने जॅक चुकीच्या जागी लावला असेलही, पण ठोकळे असते तर ट्रॉली दोन बोटं खाली आली असती आणि तुम्ही हा प्रश्न विचारलाही नसता.

मी शिरोळ तालुक्यात गेली २६ वर्षं ट्रॉल्या बांधतो आणि दुरुस्त करतो. हंगामात रात्री-अपरात्री रस्त्यावर जावं लागतं. आता अ‍ॅक्सलचं बघू.

व्हिडिओतली माणसं खोटं सांगत नाहीत. त्यांची वस्तू वेगळी आहे. त्यांचा तो ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घर असतं. त्याचा पुढचा भार पिकअपच्या हौद्यातल्या जोडावर बसतो आणि मागे एका बाजूला दोन-दोन चाकं जवळजवळ असतात. त्याचा अ‍ॅक्सल बहुधा पोकळ नळीचा असतो. नळीच्या मधोमध किंवा भलत्या जागी जॅक लावला तर ती वाकते, चाकांचा कोन बिघडतो आणि टायर एका बाजूने खाल्ले जातात. म्हणून अ‍ॅक्सल बनवणाऱ्या कंपन्याच लिहून देतात की चासी उचला. आपल्याकडच्या ट्रॉलीचा अ‍ॅक्सल बहुतेक वेळा भरीव चौकोनी सळईचा असतो, ७५ किंवा ९० मिमीचा. तो चाकाजवळच्या जॅकने वाकत नाही. पण ‘बहुतेक’ हा शब्द लक्षात ठेवा. स्वस्तात बांधलेल्या काही ट्रॉल्यांना जाड चौकोनी पाइप घालून त्याच्या टोकांना स्टब, म्हणजे चाक बसायचे आखूड दांडे, वेल्ड केलेले असतात. हातोडीने ठोकून बघा. भरीव अ‍ॅक्सल मुका वाजतो, पोकळ घुमतो. पोकळ असेल तर जॅक फक्त पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) बैठकीखाली, म्हणजे ते अ‍ॅक्सलवर बसतात तिथे लावायचा, मधल्या पाइपला कधीच नाही.

आता चासीला का नको, ते सांगतो. कारण नुसतं ‘आमच्याकडे असंच करतात’ हे उत्तर मला स्वतःलाच पुरत नाही. चासीला जॅक लावून वर घ्यायला लागलं की आधी पाटे सैल होतात. भाराने दबलेले पाटे पूर्ण उघडेपर्यंत चाक जागचं हलतच नाही. म्हणजे चाक चार बोटं उचलायला तुम्ही ट्रॉलीचा तो कोपरा वीतभर किंवा त्याहून जास्त उचलता. ट्रॉलीत ऊस आहे, उंच आहे, आणि तुम्ही तिला नाहक जास्त कलंडवताय. अ‍ॅक्सल उचलला तर पाटे दबलेलेच राहतात आणि चाकाला लागतं तेवढंच ट्रॉली वर येते. शिवाय चारचाकी ट्रॉलीच्या पुढच्या बाजूला आणखी एक भानगड आहे. पुढचा अ‍ॅक्सल टर्नटेबलवर फिरतो. साध्या प्लेटच्या टर्नटेबलात वरची आणि खालची प्लेट मधल्या बोल्टने जोडलेली असते. पुढचा कोपरा चासीला धरून उचलला तर वरची प्लेट खालच्या प्लेटपासून सुटी होऊ लागते, चाक जमिनीवरच राहतं आणि सगळा ताण त्या एका बोल्टवर येतो. म्हणून पुढचं चाक असेल तर अ‍ॅक्सलच, दुसरा विचार नाही.

जाता जाता, ‘फिफ्थ व्हील’ हे नाव आलं कुठून, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. पूर्वीच्या चारचाकी घोडागाड्यांच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर एक आडवं गोल कडं असायचं, त्यावर अ‍ॅक्सल वळायचा. चार चाकं खाली आणि हे पाचवं आडवं, म्हणून पाचवं चाक. म्हणजे तुमच्या उसाच्या ट्रॉलीखालचं टर्नटेबल हे त्या जुन्या पाचव्या चाकाचं सख्खं भावंडच आहे. आणि आपल्याकडे मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती याच टर्नटेबलची.

कल्पना करा, ट्रॅक्टर वळणावर थांबलाय, ट्रॉलीची दांडी एका बाजूला पूर्ण वळलेली आहे. पुढची दोन चाकं आता ट्रॉलीच्या दोन्ही कडांखाली नाहीत. ती जवळजवळ मधल्या रेषेत एकामागे एक आली आहेत. चार पायांचं टेबल तीन पायांचं झालं. अशात मागचं डावं चाक उचललं, की डाव्या बाजूला आधार म्हणून फक्त तुमचा जॅक उरतो. तो सटकला तर ट्रॉली नुसती खाली बसणार नाही, ती आडवी व्हायचीही शक्यता आहे. त्यामुळे माझा पहिला नियम: फुटलेल्या टायरवरच का होईना, ट्रॅक्टर हळूहळू पुढे घ्या आणि दांडी सरळ करा. ट्रॅक्टर, पुढची ट्रॉली, मागची ट्रॉली एका ओळीत. टायर तसाही गेलेलाच असतो. फार तर डिस्क, म्हणजे टायर ज्यावर चढवतात ती लोखंडी चकती, वाकून जाईल.

आता २० टनी जॅकचं. हिशोब करून बघू. चारचाकी ट्रॉलीत ऊस आणि ट्रॉलीचं वजन मिळून १२ टन धरू. एका अ‍ॅक्सलवर ६ टन, एका चाकावर ३ टन. पण जॅक चाकाच्या जागी लागत नाही, आतल्या बाजूला लागतो. दोन चाकांतलं अंतर १६० सेंमी आणि जॅक चाकापासून ३० सेंमी आत धरला, तर समोरच्या चाकापासून तो १३० सेंमीवर आला. ६ टन मधोमध, म्हणजे ८० सेंमीवर. सहा गुणिले ऐंशी भागिले एकशे तीस: जॅकवर साधारण ३.७ टन. भार एका बाजूला कललेला असेल तर चार-साडेचार. १० टनी जॅकला हे सहज झेपतं. म्हणजे तुमचा जॅक ताकद कमी पडून सटकला नाही, आणि २० टनी घेतला असता तरी सटकलाच असता. उलट मोठा जॅक बंद स्थितीत उंच असतो, तो बसलेल्या टायरच्या अ‍ॅक्सलखाली जायचाच नाही. याच हिशोबात आणखी एक गोष्ट दिसते. जॅक जितका आत, मध्याकडे, तितका भार जास्त आणि ट्रॉली तितकी डळमळीत. म्हणून जागा पाट्यांच्या बैठकीखाली किंवा तिच्या अगदी लगत. यू-बोल्टच्या नटांवर किंवा बाहेर आलेल्या आट्यांवर मात्र नको. तिथून जॅकचं डोकं घसरतंच.

लोखंडावर लोखंड घसरतं. जॅकचं डोकं लहान आणि गोल, अ‍ॅक्सलचा तळ सपाट, वर ग्रीस आणि चिखल. तुमच्या बाबतीत हेच झालं असावं, किंवा जॅकचं बूड खचलं असावं. डोक्यासाठी उपाय सोपा आहे. कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडून जॅकच्या डोक्यावर बसेल अशी एक टोपी करून घ्या. खालून नळीचा तुकडा, वर चौकोनी खाच, तीत अ‍ॅक्सल बसला पाहिजे. माझ्याकडून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीसोबत मी ही टोपी देतो.

बुडाचा प्रश्न जास्त गंभीर आहे, आणि इथे सगळं जागेवर अवलंबून आहे. डांबरी रस्त्यावर एक वागणूक, साइडपट्टीवर दुसरी, कॅनॉलच्या बाजूच्या काळ्या मातीच्या रस्त्यावर तिसरी. जॅकचं बूड साधारण १० बाय १० सेंमी धरा. म्हणजे १०० चौरस सेंमीवर ३.७ टन: एका चौरस सेंमीवर ३७ किलो. तेच ३० बाय ३० च्या जाड फळीवर ठेवलं तर चार किलोच्या आसपास. टायर जमिनीवर जो दाब देतो तो साधारण त्याच्यातल्या हवेच्या दाबाएवढा असतो. म्हणजे फळी घातली तर जॅक जमिनीला टायरपेक्षा जास्त त्रास देत नाही. जिथे चाक उभं राहू शकतं, तिथे फळीवरचा जॅकही उभा राहतो. नुसता जॅक मात्र सुईसारखा आत जातो. फळी बाभळीची किंवा सागाची, दोन इंचांपेक्षा कमी जाडीची नको. फरशी, वीट, सिमेंटचा ब्लॉक, जांभा दगड यांतलं काहीही जॅकखाली किंवा अ‍ॅक्सलखाली घालू नका. लाकूड भाराखाली करकरतं, चेपतं, सूचना देतं. वीट आणि ब्लॉक काही न सांगता फुटतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी एकवीस वर्षांचा असताना पाऊस पडून गेलेल्या शिवारातल्या रस्त्यावर आम्ही असंच नुसत्या जॅकवर काम केलं. उचलताना सगळं ठीक होतं. दहा मिनिटं चाक बाहेर होतं, आणि त्या दहा मिनिटांत जॅक एका बाजूने मुंगीच्या पावलांनी खचत होता. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळे स्टेपनीपाशी होते. माझ्या थोरल्या भावाचा हात हब आणि डिस्कच्या मधे होता. दोन बोटं गेली. आज तो शेती करतो, बरा आहे. पण त्या दिवसापासून ठोकळ्याशिवाय मी चाकाचा एक नटही काढलेला नाही.

तर प्रत्यक्ष काम कसं करतो ते ओळीने सांगतो.

टायर फुटला म्हणून जिथल्या तिथे थांबायचं नाही. जिथे रस्ता सपाट आणि कडक आहे तिथपर्यंत माणसाच्या चालीने जायचं, शंभर-दोनशे मीटर असलं तरी. उतारावर, पुलाच्या चढावर, साइडपट्टीच्या कडेला काम करण्यापेक्षा एक टायर आणि एक डिस्क गेलेली परवडते. थांबल्यावर ट्रॅक्टर बंद, गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि किल्ली चाक बदलणाऱ्याच्या खिशात. ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडायची नाही. दोनचाकी ट्रॉली असेल तर मुळीच नाही. तिचा काही भार दांडीतून ट्रॅक्टरच्या हुकावर असतो. पिन काढली की दांडी एकतर धाडकन खाली येते, किंवा मागे भार जास्त असेल तर वर उसळते.

हँडब्रेक ट्रॅक्टरची चाकं धरतो, ट्रॉलीची नाही. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. म्हणून दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढून आणि मागून दोन्हीकडून लाकडी पाचरी ठोकायच्या. दोन ट्रॉल्या असतील तर दोन्हींना.

मग सगळी माणसं खाली. हे मी खास वेगळं सांगतो, कारण इथे आपण सगळेच ढिलाई करतो. ट्रॉलीवर तोडणीवाली माणसं बसलेली असतात, त्यांची पोरंबाळं असतात. दिवसा काम लांबलं की कोणीतरी सावली म्हणून ट्रॉलीखाली जाऊन बसतं, बाळाला तिथेच झोपवतं. बीड-धारूरकडून आलेल्या त्या माणसांना पहाटेपासून पाठ टेकलेली नसते, त्यांचा दोष नाही. बघायचं काम आपलं. जॅकला हात लावण्याआधी वाकून दोन्ही ट्रॉल्यांच्या खाली बघा, नावं घेऊन माणसं मोजा आणि त्यांना रस्त्यापासून लांब, झाडाखाली बसवा. रात्री असेल तर बॅटरी मारून बघा.

आता नट. चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट अर्धा आटा सैल करायचा, जास्त नाही. उचलल्यावर पाना लावून जोर मारला की चाक फिरतं आणि अख्खी ट्रॉली जॅकवर हलते. जुन्या ट्रकचा अ‍ॅक्सल घातलेल्या ट्रॉलीला डाव्या चाकाचे आटे उलटे असू शकतात. स्टडच्या टोकावर ‘एल’ अक्षर आहे का बघा, नाहीतर सोडतोय असं समजून तुम्ही आवळत बसाल आणि स्टड तुटेल.

जॅक घालायला गेलात की पुढची अडचण येते. टायर रिमवर बसला की अ‍ॅक्सल इतका खाली येतो की १० टनी जॅकही आत जात नाही. लोक मग खड्डा खणून जॅक खड्ड्यात ठेवतात, म्हणजे नेमक्या मऊ मातीवर. त्याऐवजी फुटलेल्या चाकापुढे दोन-अडीच इंची फळी ठेवायची आणि ट्रॅक्टर वीत-दोन वीत पुढे घेऊन ते चाक फळीवर चढवायचं. चाकाच्या पाचरी अर्थातच यानंतर ठोकायच्या. तेवढ्यात जॅकला जागा मिळते, आणि ती उंची ट्रॅक्टरच्या इंजिनाने उचलून दिलेली असते. कच्च्या रस्त्यावर शेवटी थोडी उंची कमी पडली तर अ‍ॅक्सल ठोकळ्यांवर नीट बसवून मग फक्त चाकाखालची माती पहारीने उकरायची. ठोकळ्यांच्या जवळची माती मात्र हलवायची नाही.

जॅक उभा, सरळ. ओळंबा लावल्यासारखा. भार येईपर्यंत उचला आणि थांबा. बाजूला होऊन चारी बाजूंनी बघा: बूड खचतंय का, जॅक कलतोय का, पाचरी सरकल्या का. दोन मिनिटं गेली तर जाऊ द्या. मग पुन्हा उचला, आणि जॅक जितका वर जाईल तितके ठोकळे अ‍ॅक्सलखाली वर येत राहिले पाहिजेत. जॅक चार बोटं वर, ठोकळा चार बोटं वर. ठोकळे एकावर एक उभे रचायचे नाहीत. दोन असे, त्यांच्यावर दोन आडवे, असा चौथरा करायचा. चौथऱ्याची उंची त्याच्या रुंदीपेक्षा फार वाढू द्यायची नाही. लागणारी उंची झाली की जॅक थोडा सोडून भार ठोकळ्यांवर द्यायचा. जॅक नुसता टेकलेला ठेवायचा. यानंतर चाक काढायचं.

काढलेलं चाक कुठे ठेवता? बहुतेक जण रस्त्याच्या कडेला ढकलतात. ते आडवं करून चासीखाली सरकवा, अ‍ॅक्सलच्या शेजारी. सगळंच फसलं तर चासी त्या चाकावर टेकेल, माणसावर नाही. स्टेपनी चढवताना ती छातीला लावून उचलू नका. खाली पहार घालून तरफेने वर घ्या, हात बाहेरून. माणूस चाकाच्या समोर बसलेला, पाय बाहेर, धड कधीही ट्रॉलीच्या कडेच्या आत नाही.

उंचीचा मघाचा हिशोब इथे पुरा करतो, म्हणजे ऊस कधी उतरवायचा ते ठरवता येईल. चाक १० सेंमी उचललं, दोन चाकांत १६० सेंमी, आणि भाराचा मध्य जमिनीपासून २ मीटर उंच धरला, तर तो मध्य आडवा साडेबारा सेंमी सरकतो. रस्ताच मीटरला ५ सेंमी कललेला असेल तर आणखी १० सेंमी. मध्यापासून चाकापर्यंत ८० सेंमी आहेत, म्हणजे कागदावर ट्रॉली उलटत नाही. पण कागदावरचा ऊस जागचा हलत नाही. खराखुरा ऊस रस्त्याच्या धक्क्यांनी आधीच एका अंगाला फुगलेला असतो, पाटे एका बाजूला दबलेले असतात आणि खालच्या बाजूची माती ओली असते. माझा अंदाज असा: ट्रॉली उभी असतानाच डोळ्याला कललेली दिसत असेल, किंवा खालच्या बाजूची जमीन टाचेने दाबल्यावर दबत असेल, तर उचलण्याआधी वरचा ऊस उतरवायचा. वरचा एक-तृतीयांश काढला तरी भाराचा मध्य खाली येतो आणि जॅकवरचं वजनही कमी होतं. हमाली लागेल, रात्र जाईल, कारखान्यातला नंबर मागे पडेल, मालक म्हणून जीव तुटतो हे मला माहीत आहे. तरीही उतरवा. साखळ्या सोडताना मात्र वरच्या अंगाला उभे राहा, फुगलेल्या अंगाला नाही. साखळी सुटली की पहिल्या मोळ्या तिकडेच येतात.

पंक्चर काढण्याबद्दल एकच सांगतो. रस्त्यावर फक्त चाक बदला, टायर डिस्कवरून उतरवू नका. रिंगची डिस्क, म्हणजे टायर वेगळ्या लोखंडी कड्याने अडवलेली, असेल तर हवा भरताना नीट न बसलेली रिंग तोफगोळ्यासारखी सुटते. ते काम पिंजरा असलेल्या पंक्चरवाल्याकडेच. हवा थोडी शिल्लक असलेलं चाक काढायच्या आधी व्हॉल्व्हची पिन काढून ती पूर्ण सोडा, आणि डिस्कच्या दोन भागांना जोडणारे नट व हबचे नट यांत गल्लत करू नका.

बसवताना नट आधी हाताने, मग समोरासमोरचे आवळायचे. गोल गोल क्रमाने नाही, नाहीतर डिस्क एका बाजूला बसते. ट्रॉली खाली घेताना जॅकचा स्क्रू पाव आटाच सोडा. ठोकळे जसे वर गेले तसेच एकेक करून खाली येऊ द्या. चाक जमिनीवर आल्यावर पुन्हा पूर्ण आवळा. त्यानंतर पाच-दहा किलोमीटरवर थांबून एकदा, आणि कारखान्याच्या काट्यावर पुन्हा एकदा. त्या अमेरिकन ट्रेलरवाल्यांनाही अ‍ॅक्सल कंपनी १०, २५ आणि ५० मैलांवर नट तपासायला सांगते. हा त्यांचा नियम आपण जसाच्या तसा उचलायला हरकत नाही. त्याच वेळी हबला हाताचा मागचा भाग लावून बघा. हात ठेववत नसेल तर टायर फुटण्याआधीपासूनच बेअरिंग बोलत होतं.

आणि रस्ता. रात्री काम करताना मागे पन्नास-साठ पावलांवर रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवा, ट्रॅक्टरचे इंडिकेटर चालू ठेवा, एक माणूस बॅटरी घेऊन मागे उभा करा. आपण त्रिकोणाऐवजी दगड आणि फांद्या टाकतो. काम झालं की निघतो, आणि दगड तिथेच. पहाटे दुधाचे कॅन घेऊन येणारा मोटारसायकलवाला त्या दगडावर जातो. आमच्या रस्त्यावर असा एक पोरगा गेलाय. निघण्याआधी चालत मागे जा आणि प्रत्येक दगड उचलून गटारीत टाका.

थोडक्यात तुमच्यापुरतं: जॅक १० टनीच ठेवा. तो अ‍ॅक्सलला, पाट्यांच्या बैठकीखाली, खाचेच्या टोपीसह लावा. खाली ३० बाय ३० ची जाड फळी. चाक काढण्याआधी भार ठोकळ्यांवर. २० टनीचे पैसे वाचतील त्यात बाभळीचे आठ ठोकळे, दोन फळ्या, चार पाचरी, दोन त्रिकोण आणि एक चांगली बॅटरी येईल. हे सगळं ट्रॉलीखाली एक पेटी वेल्ड करून तीत ठेवा, घरी नाही.

आता मला तीन गोष्टी मोजून कळवा: अ‍ॅक्सल चौकोनी आहे तर किती मिमीचा, ठोकल्यावर मुका वाजतो की घुमतो, आणि टायर पूर्ण बसलेला असताना अ‍ॅक्सलच्या तळापासून जमिनीपर्यंत किती सेंमी राहतात. त्यावरून टोपीची खाच केवढी आणि चढवायची फळी किती जाडीची, ते नेमकं सांगतो.